दळणारीचा घास

माझी शाळा सातवीत सुटली. लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकतं आणि शब्दही साधेच सुचतात, त्याबद्दल वाचणाऱ्यांची आधीच माफी मागतो. खडकोळीच्या ठकूआजी शेडगे यांनी जे सांगितलं तेच इथे उतरवलं आहे.

खडकोळीला जाताना ओढा ओलांडला की डाव्या हाताला करंजाचं जुनं झाड लागतं. त्या झाडाखाली एक जातं मांडलेलं आहे. त्याला खुंटा नाही. शेंदूर नाही, घंटा नाही, कोणी तिथे नारळही फोडत नाही. पण जात्याच्या तोंडात मूठभर नाचणी नेहमी असते. होले आणि चिमण्या येऊन ती टिपतात. संपत आली की जाणारं-येणारं कोणीतरी पुन्हा मूठभर घालतं. ते तोंड रिकामं पाहिल्याचं गावात कोणालाच आठवत नाही.

जात्यांना टाकी लावण्याचं माझं काम आहे. दळून दळून दगड गुळगुळीत झाला की दाणा नुसता सरकतो, फुटत नाही. मग छिन्नी-हातोडीने त्याला बारीक टाके पाडून पुन्हा खरखरीत करावं लागतं. खडकोळीत आता पीठ गिरणीतूनच येतं, जात्यावर डाळ भरडतात, मेतकूट दळतात. तरी दर माघात घरोघरी जात्याला टाकी लावून घेतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा ठकूआजींनी मला पिशवीच उघडू दिली नाही. समोर बसवलं, गरम भाकरीचा तुकडा हातात दिला, आणि मी तो तोंडात घातल्यावर स्वतःचा तळवा माझ्या गळ्याला लावला. घास खाली उतरला तसा हात काढला. मला फार संकोच वाटला. आजी म्हणाल्या, “लाजू नको. आमच्याकडं जात्याला हात लावणाऱ्यानं आधी खायचं असतं.” दुपारी काम झाल्यावर त्यांनी मला त्या करंजाखाली नेलं, आणि तिथे बसून हे सांगितलं.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. तेव्हा खडकोळीत वीस-बावीस घरं होती. ओढ्याच्या बाजूच्या शेवटच्या घरात धुरपाई नावाची म्हातारी राहत होती. तिचा मुलगा सुभाना आणि सून येसू. धुरपाईच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं होतं. तिला उजेड-अंधारसुद्धा कळत नसे. पण तिचे कान शाबूत होते. घरातलं जातं तिच्या नवऱ्याने नदीपलीकडच्या खाणीतून चार माणसांच्या खांद्यावरून आणलं होतं, आणि चाळीस वर्षं ती त्यावर दळत आली होती. जात्यात घास किती आहे, दाणा सुका आहे की सर्द आहे, खीळ किती झिजली आहे, हे सगळं तिला अंथरुणातून कळायचं. भरलेलं जातं घुमतं आणि रिकामं खरडतं, एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं. धुरपाईला त्याच्या मधलंही सगळं कळायचं.

त्या वर्षी पाऊस आला नाही. आदल्या वर्षीही जेमतेमच झाला होता. पौषात गावातले पुरुष बैल घेऊन धान्य आणायला घाटाखाली निघाले. त्यात सुभानाही होता. घरात एका गाडग्यात नाचणी होती. त्याने ती मुठीने मोजली. होळीपर्यंत एका माणसाला कशीबशी पुरेल एवढीच निघाली. त्याने ते येसूला सांगितलं नाही, पण तिनेही त्याच्यामागे मोजली होती. निघताना तो तिला एवढंच म्हणाला, “माझ्या आईला सांभाळ.” ती हो म्हणाली. असं सांगतात की, पुढे जे झालं ते सगळं त्या एका होकारामुळे झालं.

सासूला मात्र सगळा अंदाज होता. सुभाना गेला त्याच दिवशी तिने सुनेला बजावलं, तू जेवल्याशिवाय मी तोंडात घास घेणार नाही. येसूने मान डोलावली, मग सासूला दिसत नाही हे आठवून तोंडाने बरं म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे जातं सुरू झालं. धुरपाई अंथरुणात पडून ऐकत राही. जातं पुष्कळ वेळ चाले, दोन माणसांच्या भाकरीला लागतो तेवढा वेळ. मग चुलीवर भाकरी थापल्याचा आवाज येई. येसू ताट घेऊन येई.

“जेवलीस का गं?”

“जेवले, आत्याबाई. तुमच्या आधीच जेवले. लोक काय म्हणतील मला.”

धुरपाई हसे आणि जेवायला घेई.

पहिले काही दिवस असे गेले. मग एका पहाटे म्हातारीचा कान टवकारला. जात्यात एक मूठ पडली, ती दळली गेली, आणि त्यानंतर जातं मऊ घरघरत राहिलं. ती नाचणी नव्हती. ते तूस होतं. गोठ्यात राहिलेलं नाचणीचं तूस सून जात्यात घालत होती. पुढे तूसही संपलं. मग एक मूठ दळून झाली की जातं खरडू लागायचं. दगड दगडावर फिरत होता. वर येसूची ओवी चालायची, आवाज झाकायला.

धुरपाईला सगळं कळलं. एकाच माणसाचं दळण होत होतं, आणि ते तिचं होतं.

सुनेला हाक मारून सांगावं असं तिच्या ओठावर आलं होतं म्हणे. पण तिने विचार केला. मी बोलले तर ही जातं फिरवायची थांबेल, पण खाणार नाहीच. तिने नवऱ्याला शब्द दिला आहे. मी खाल्लं नाही तर तो शब्द मोडतो, म्हणून ही मला भरवील, पाया पडेल, रडेल. आणि मग मला न कळल्याचं सोंगही करता येणार नाही. ज्याला सोंग करता येतं त्यालाच काही चोरून करता येतं. म्हणून ती गप्प राहिली आणि एक वेगळीच वाट शोधू लागली.

माळ्याच्या खाली कोपऱ्यात बियाण्याचं मडकं होतं. पुढच्या पेरणीची नाचणी राख आणि निरगुडीचा पाला घालून ठेवलेली, तोंड शेणाने लिंपलेलं. कुणब्याच्या घरात त्या मडक्याला हात लावणं म्हणजे पुढचं वर्ष खाऊन टाकणं. येसूने उपाशी राहूनही त्याच्याकडे बघितलं नव्हतं. धुरपाईनेही आयुष्यात कधी ते अवेळी फोडलं नव्हतं. पण त्या दुपारी येसू झऱ्यावर पाण्याला गेली तेव्हा म्हातारी भिंत चाचपत, बसून सरकत कोपऱ्यात गेली. नखाने शेण खरवडलं. मूठभर दाणे काढले, हातावर पाखडले, फुंकून राख उडवली, आणि सरकत सरकत जात्याशी येऊन त्याच्या तोंडात टाकले. येसू परत आली तेव्हा ती अंथरुणावर पडलेली होती. जवळचं पाणी आटल्याने झऱ्याला लांब जावं लागे, म्हणून तिला जमलं.

दुसऱ्या पहाटे येसू जात्याशी बसली आणि बराच वेळ काहीच आवाज झाला नाही. धुरपाई श्वास धरून होती.

“आत्याबाई,” येसू हळूच म्हणाली, “जात्यात दाणे आहेत.”

“राहिले असतील कालचे.”

“काल तर काही राहिलं नव्हतं.”

“जातं जुनं आहे माझं. त्याला खोड आहे, घासातला घास राखून ठेवायची.” मग म्हातारीने आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं सुनेला सांगितलं. “जात्याच्या तोंडात उरलेलं दळणारीचं असतं. माझ्या सासूने मला सांगितलंय. ते दुसऱ्या कुणाला घालायचं नसतं, तू खायचं.”

“बरं,” येसू म्हणाली.

मग रोज दुपारी म्हातारी कोपऱ्यात जाऊ लागली. रोज पहाटे जातं जास्त वेळ घुमू लागलं. धुरपाईला वाटलं, जमलं. तिच्या ताटातली भाकरीही थोडी मोठी झाली होती. तिला वाटलं, पोरीला आता जात्यातलं मिळतंय म्हणून गाडग्यातलं मला सढळ हाताने घालते आहे. तिने ते मुकाट्याने खाल्लं. आपली फसवणूक साधली, याच्या आनंदात एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. येसूची ओवी दिवसेंदिवस तोकडी होत होती. आधी ती चार चरण एका दमात म्हणायची. मग दोन. मग एक चरण म्हणून ती थांबायची, आणि जात्याचे तीन-चार फेरे नुसतेच जायचे.

त्याच दिवसांत शेजारची बायजा दारात आली. तिच्या घरात ती आणि तिची सासू दोघीच राहिल्या होत्या आणि कंद खणून दिवस काढत होत्या. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली आणि आत ऐकू जाईल अशा बेताने बोलली. “धुरपाई, साऱ्या गावात आता एकच जातं वाजतंय, तुमचं. पहाटे उठून मी तेच ऐकत पडते. एवढं दळता दोघी मिळून, मग मूठभर पिठाला येसूचा हात का आखडतो?” येसूने उत्तर दिलं नाही. धुरपाईनेही दिलं नाही. खरं सांगितलं असतं तर दोघींचं सोंग एकदमच उघडं पडलं असतं. बायजा जायला वळली आणि म्हणाली, “दळा बाई, दळा. पिठानं घर भरा,” आणि निघून गेली. तो बोल येसूला लागला. दुसऱ्या दिवशी तिने जातं आणखी हळू फिरवलं, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

पुढे एके दिवशी धुरपाईने भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला आणि तो तिच्या जिभेवरच राहिला. भाकरी कडू होती. राखेची चव होती, आणि राखेच्या मागे निरगुडी. मडक्याच्या वरचे दाणे संपले होते. तळच्या दाण्यांना पाला जास्त चिकटला होता, आणि आंधळ्या बोटांनी तो नीट निघाला नव्हता.

तिला एका घासात सगळं कळलं. तिने चोरून टाकलेली मूठ येसूने एकदाही खाल्ली नव्हती. रोज दळून, थापून ती तिच्याच ताटात घातली होती. भाकरी मोठी झाली होती ती यामुळे. जात्यात घास वरून पडतो, गोल फिरतो आणि कडेने बाहेर येतो, तशी ती मूठ फिरून तिच्याकडेच आली होती. जिला वाचवायला तिने पुढच्या वर्षाचं बी फोडलं, तिच्या पोटात एक दाणा गेला नव्हता.

म्हातारीने ताट बाजूला सारलं. तिने येसूला जवळ बोलावलं आणि तिचा दंड चाचपला. तो तिच्या मुठीत मावला. ती रागावली नाही, रडलीही नाही.

“उद्यापासून मी तुझं ऐकणार नाही,” ती म्हणाली. “उद्या तू दळशील, भाकरी करशील आणि पहिला घास माझ्यासमोर खाशील. मला दिसत नाही, म्हणून माझा हात तुझ्या गळ्यावर राहील. घास खाली उतरलेला मला हाताला लागला, तरच मी खाईन. नाहीतर माझाही आजपासून उपास.”

येसूने सासूचा हात दंडावरून काढून आपल्या हातात घेतला. मग म्हणाली, “उद्या खाते, आत्याबाई. तुमच्या हाताखाली खाते.”

“शप्पथ?”

“तुमच्या लेकाची.”

त्या दुपारी येसू झऱ्यावर गेली तेव्हा धुरपाईने मडकं पालथंच केलं. होते नव्हते ते दाणे ओच्यात घेतले, एक एक पाला निवडून काढला, आणि जात्याच्या तोंडात मावतील तेवढे भरले. उरले ते जात्याशेजारी ठेवले. आता लपवायचं काही राहिलं नव्हतं.

पहाटे जातं सुरू झालं. ते घुमलं. कित्येक दिवसांनी त्याचा भरलेला आवाज घरात आला, आणि धुरपाई उठून बसली. येसूने ओवी धरली. पहिला चरण झाला. दुसरा अर्धाच झाला. म्हातारीला वाटलं, घास घालायला थांबली असेल. जातं आणखी एक फेरा फिरलं, मग अर्धा, आणि थांबलं. थांबताना जातं जसं फेरा पुरा करून थांबतं तसं ते थांबलं नाही.

“येसू,” तिने हाक मारली. “घाल गं घास.”

मग ती सरकत गेली. तिचा हात आधी पिठाला लागला. पीठ दगडाच्या कडेने पडलेलं होतं, ऊन होतं. मग खुंटा लागला, आणि खुंट्यावर सुनेची बोटं. ती तिला सोडवता आली नाहीत. तिने पिठाची चिमूट घेतली, पाण्यात भिजवली आणि येसूच्या ओठांत घातली. दुसरा हात तिच्या गळ्यावर ठेवला. असं सांगतात की, ऊन वर येईपर्यंत तिने हात तसाच ठेवला होता. घास उतरला नाही.

त्या सकाळी बायजाला जाग आली ती जातं अर्ध्यात थांबल्यामुळे. ती वाट पाहत पडून राहिली, आणि शेवटी भांडायच्या किंवा चौकशीच्या निमित्ताने दारात आली. आत जे होतं ते तिने पाहिलं. येसूला बाजूला घेतल्यावर तिने जात्याचा वरचा दगड उचलून बघितला. सव्वा महिना दगडाने दगड खाल्ला होता. दोन्ही दगडांच्या आतल्या बाजू नदीतल्या गोट्यासारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. टाकीचा एक टाका शिल्लक नव्हता. जे पीठ पडलं होतं ते येसूने अंगातला सगळा जोर लावून काढलं होतं. बायजा त्या दगडाशी बसली आणि तिने आपलंच कपाळ त्याच्या कडेवर टेकलं. काही बोलली नाही म्हणे. बोलायचं ते तिचं आधीच बोलून झालं होतं.

संध्याकाळी बायजाने त्याच पिठाची भाकरी केली आणि धुरपाईपुढे आणली. धुरपाईने ताटाला हात लावला नाही. तिने हात पुढे करून बायजाचा गळा शोधला.

“केलीस तू,” ती म्हणाली. “आधी तू खा.”

बायजाने घास घेतला. घास लवकर उतरेना. म्हातारी हात ठेवून थांबून राहिली. उतरला तेव्हा तिने हात काढला आणि मग स्वतः जेवली. होळीला दोन दिवस राहिले असताना सुभाना घाटाच्या माथ्यावर आला. त्याच्यासोबत तीन बैल होते, पाठीवर धान्य होतं. माथ्यावरून जात्याचा आवाज ऐकू येतो, म्हणून तो उभा राहिला. काहीच ऐकू आलं नाही, तेव्हा त्याने बैल तिथेच दुसऱ्याच्या हाती दिले आणि धावत खाली आला.

येसूच्या जात्याच्या तोंडात जे दाणे राहिले होते ते धुरपाईने दळू दिले नाहीत. सुभानाने त्या जात्याला पुन्हा टाकी लावली नाही. खुंटा येसूच्या मुठीतच तिच्यासोबत गेला होता की त्याने नंतर काढला याबद्दल दोन मतं आहेत. त्याने दोन्ही दगड दाण्यांसकट ओढ्याकडेला नेऊन ठेवले. धुरपाई त्यानंतर सात वर्षं जगली. त्या सात वर्षांत तिने कोणत्याही घरी, कोणत्याही लग्नात, करणारीने आधी खाल्ल्याशिवाय घास घेतला नाही, आणि दर वेळी हात लावून बघितलं. लोक आधी हसले. मग बायजाने आपल्या घरी तसं सुरू केलं. मग सगळ्यांनीच.

ठकूआजी इथे थांबल्या. करंजाची एक शेंग खाली पडली होती, ती त्यांनी उचलून बाजूला टाकली आणि कनवटीची नाचणी काढून जात्याच्या तोंडात घातली.

आजही खडकोळीत रिकामं जातं कोणी फिरवत नाही. आधी घास, मग खुंट्याला हात. दळून झालं तरी मूठभर दाणे तोंडात राखतात. पहिली भाकरी देवाला नाही, वडीलधाऱ्यांना नाही, जिने केली तिची. आजही नवी सून घरात आली की पहिल्या दिवशी सासू तिला आपल्यासमोर जेवायला बसवते, तिच्या गळ्यावर तळवा ठेवते, आणि घास उतरल्यावर काढते.  ठकूआजींना त्यांच्या सासूने असंच बसवलं होतं. त्या म्हणाल्या, साठ वर्षं झाली, तो हात अजून गळ्याला लागतो.

मी संध्याकाळच्या गाडीने घरी आलो. आई माझ्यासाठी जेवायची थांबली होती. मी जेवलो, मग ती जेवली, तशी ती रोजच जेवते. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी उघडली आणि आमच्या घरातल्या जात्याला टाकी लावली. गावोगाव हिंडतो, पण ते तीन वर्षं तसंच पडलं होतं. कोंडा दळून दगडाची कच काढली, आणि मूठभर दाणे तोंडात ठेवले. तोवर आईची पहिली भाकरी फुगली होती. तिने ती माझ्या ताटात टाकली. मी ताट तिच्याकडे सरकवलं. ती म्हणाली, वेड्यासारखं काय करतोस, गार होईल, खा. मी खाल्लं नाही. गळ्याला हात लावायचा मला धीर झाला नाही. मी चुलीजवळ नुसता बसून राहिलो, आणि तिने घास तोडून तोंडात घातला, चावला, आणि तो खाली उतरताना मी बघितला.